चेंडू जमिनीच्या हवाली करावा, की वाऱ्याच्या?

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्रूजच्या ओल्ड कोर्स या गोल्फ मैदानावर सतरावं होल आहे, 'रोड होल'. त्याच्या ग्रीनच्या पोटात डाव्या अंगाने एक खोल, उभ्या भिंतीचा वाळूचा खड्डा घुसलेला आहे. 1978 च्या ओपन स्पर्धेत तिसऱ्या फेरीत जपानचा टॉमी नाकाजिमा दोन फटक्यांत या ग्रीनवर पोचला. हातात पटर होता, म्हणजे चेंडू नुसता घरंगळवायचा होता. त्याने तो घरंगळवला, उताराने चेंडूला आपल्याकडे ओढलं आणि चेंडू त्या बंकरमध्ये जाऊन बसला. बाहेर पडायला चार फटके लागले, होलवर एकूण नऊ झाले. पुढे 44 वर्षांनी, 2022 च्या ओपनच्या शेवटच्या फेरीत, ऑस्ट्रेलियाच्या कॅमेरॉन स्मिथचा चेंडू याच बंकरच्या अलीकडे थांबला. झेंडा पलीकडे, मध्ये तोच खड्डा. वेजने चेंडू उचलून खड्ड्यावरून टाकायचा मोह कुणालाही झाला असता. स्मिथने पटर काढला, बंकरच्या कडेकडेने चढावरून चेंडू वळवत नेला, साधारण दहा फुटांवर आणून ठेवला आणि पुढच्या फटक्यात होल पुरं केलं. त्या दिवशी त्याचे 64 फटके झाले आणि स्पर्धा त्याने एका फटक्याने जिंकली.

हत्यार तेच, उतारही तोच. एकाला त्या उताराने बुडवलं, दुसऱ्याला तारलं. म्हणून लिंक्सवर 'जमिनीवरून खेळणं सुरक्षित, हवेतून खेळणं धाडसाचं' हे जे सर्रास बोललं जातं, ते मला पटत नाही. हा प्रश्न दीडशे वर्षांहून जुना आहे. त्यात चेंडू कशाचा आहे, क्लबची फळी किती तिरकी आहे, वारा कुठून आहे, गवत कोणतं आहे आणि त्या गवताला पाणी किती दिलं आहे, एवढ्या गोष्टी गुंतलेल्या आहेत. या यादीत शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आहे असं माझं मत आहे, आणि तिच्याबद्दलच सगळ्यांत कमी बोललं जातं.

लिंक्स म्हणजे समुद्र आणि पिकाऊ शेत यांच्या मधली वाळूची, उंचसखल, वाऱ्याने घडवलेली पट्टी. तिथे नांगर चालत नसे. मेंढ्या चरत, ससे बिळं करत, आणि गावकरी चेंडू मारत. खाली वाळू असल्याने पावसाचं पाणी झरझर निघून जातं आणि जमीन टणक राहते. वर बारीक पात्याचं फेस्क्यू गवत असतं, कमी पाण्यावर आणि जवळजवळ खताशिवाय जगणारं. अशा जमिनीवर पडलेला चेंडू उसळतो, धावतो, उंचवट्याला लागून दिशा बदलतो. लहानपणी ज्यांनी अंगणात गोट्या खेळल्या आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. नेम गोटीवर धरला तरी हिशेब जमिनीचा करावा लागतो.

सुरुवातीला निवड करण्याची सोयच फारशी नव्हती. पिसं ठासून भरलेले चामड्याचे चेंडू महाग आणि नाजूक होते. लोखंडी क्लबचा एक चुकार घाव बसला की शिवण उसवायची. म्हणून ग्रीनकडे जायचं ते लाकडी क्लबने, सपाट आणि सरपटत. 1848 च्या सुमारास गटापर्चाचा, म्हणजे झाडाच्या चिकापासून बनवलेला, टणक आणि स्वस्त चेंडू आला आणि लोखंड निर्धास्तपणे वापरता येऊ लागलं. सेंट अँड्रूजच्या ॲलन रॉबर्टसनला क्लीक नावाच्या लोखंडी क्लबने चेंडू ग्रीनपर्यंत धावत नेण्याच्या तंत्राचं श्रेय दिलं जातं. त्याच्या पुढच्या पिढीतला यंग टॉम मॉरिस, चार वेळा ओपन जिंकलेला, त्याने उलटी वाट काढली. गाडीच्या चाकोरीत अडकलेला चेंडू बाहेर काढायला एक लहान तोंडाचा, तिरक्या फळीचा लोखंडी क्लब असे. त्याने तोच ग्रीनजवळ वापरला, चेंडू उंच चढवला आणि पडल्यावर लवकर थांबवून दाखवला. म्हणजे दोन्ही घराणी एकाच गावात जन्माला आली. जमिनीवरचा खेळ जुना आणि अस्सल, हवेतला नंतर बाहेरून आलेला, असं जे सांगितलं जातं त्यात तथ्य थोडं आणि हळवेपणा जास्त आहे. 1894 ते 1900 या काळात इंग्लंडचा जे. एच. टेलर मॅशी नावाच्या क्लबने उंच, अचूक फटके मारूनच ओपन जिंकत होता, आणि तेही सेंट अँड्रूजवर दोनदा.

पुढची सगळी अवजारं हवेच्या बाजूने झुकत गेली. 1898 मध्ये रबराच्या धाग्याचा हॅस्केल चेंडू निघाला आणि 1902 मध्ये सँडी हर्ड तो वापरून ओपन जिंकला. 1932 मध्ये जीन सॅराझेनने रुंद तळाचा सँड वेज ओपनमध्ये उतरवला आणि स्पर्धाही जिंकली. 1980 च्या दशकात 60 अंशांचा लॉब वेज खेळाडूंच्या बॅगेत कायमचा आला. यात एक गोष्ट सहज विसरली जाते, ती चेंडूच्या आकाराची. ब्रिटनमध्ये दीर्घकाळ 1.62 इंच व्यासाचा चेंडू चाले, अमेरिकेत 1.68 इंचांचा. लहान चेंडू वारा कापत जातो. मोठा चेंडू उचलायला सोपा, पण वाऱ्यात भरकटतो. पाच ओपन जिंकलेला ऑस्ट्रेलियाचा पीटर थॉमसन लहान चेंडूच्या काळातला सर्वांत जाणता लिंक्स खेळाडू. आपल्याकडची इंडियन ओपनही तो तीनदा जिंकला. 1974 पासून ओपनमध्ये मोठा चेंडू सक्तीचा झाला आणि 1990 मध्ये लहान चेंडू नियमातूनच गेला.

आता प्रत्यक्ष निवडीकडे येऊ. समजा, ग्रीनची कड तीस यार्डांवर आहे, झेंडा आणखी दहा यार्ड आत, मध्ये एक लाट आल्यासारखा उंचवटा. पहिली नजर चेंडूखालच्या गवतावर जायला हवी, झेंड्यावर नव्हे. फेस्क्यूच्या टणक, कापलेल्या जमिनीवर चेंडू जवळजवळ उघड्या फरशीवर ठेवल्यासारखा बसतो. वेजचा तळ फुगीर असतो. मऊ वाळूत तो फुगवटा क्लबला रुतू देत नाही, पण टणक जमिनीवर तोच आपटून वर उसळतो आणि फळीची धार चेंडूच्या कमरेत बसते. मग चेंडू उंच न जाता सणसणत ग्रीनच्या पार निघून जातो. पटरला किंवा सात नंबरच्या आयर्नला हा धोका जवळजवळ नाही. त्यांची चूक झाली तरी ती लांबीची होते, सर्वनाशाची नाही. याउलट चेंडू दाट गवतात किंवा पायाच्या ठशात दडला असेल तर जमिनीवरचा फटका पहिल्या हातभर अंतरातच मरतो. तिथे उचलण्याशिवाय गत्यंतर नाही.

मग हिशेब येतो तो पडण्याच्या जागेचा. गोल्फ शिकवणारे 'बाराचा नियम' सांगतात. बारातून क्लबचा नंबर वजा करा. जे उरेल तितके भाग चेंडू धावेल आणि एक भाग हवेतून जाईल. सात नंबरने एकास पाच, नऊ नंबरने एकास तीन. नियम सपाट, मध्यम वेगाच्या ग्रीनसाठी आहे. कोरड्या लिंक्सवर धाव त्याहून वाढते, समोर चढ असेल तर घटते. पण त्यातला विचार पक्का आहे. चेंडू कुठे थांबावा हे मनात धरून तो कुठे पडावा हे ठरवायचं, आणि पडण्याची ती जागा सपाट आहे का हे आधी पाहायचं. उंचवट्याच्या आपल्याकडच्या तोंडावर पडला तर वेग संपेल, पलीकडच्या उतारावर पडला तर दुप्पट होईल. अशा वेळी हवेतून जाऊन उंचवट्यापलीकडच्या सपाट तुकड्यावर उतरणं हाच सावध मार्ग ठरतो, आणि जमिनीवरून जाणं हा जुगार.

वाऱ्याबद्दल एक समज मात्र दुरुस्त करायला हवा. वारा तोंडावर असला की चेंडू खाली ठेवा, हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि खरंही आहे. जमिनीलगत वाऱ्याचा वेग कमी असतो, वर तो वाढत जातो. पण थांबण्याच्या दृष्टीने पाहिलं तर समोरचा वारा उंच फटक्याचा मित्र आहे. तो फिरत्या चेंडूला वर उचलतो, पुढची चाल खातो आणि चेंडू जवळजवळ उभा खाली येतो. अंतराचा अंदाज कठीण, पण पडला की थांबतो. पाठीमागचा वारा खरा फसवा. चेंडू चपट्या कोनात उतरतो आणि टणक ग्रीनवर थांबायचं नाव घेत नाही. पाठीवर वारा घेऊन ग्रीनवर पोचायचं असेल, तर चेंडू ग्रीनच्या अलीकडे टाकून धावत आत पाठवण्याची तयारी हवी. 2009 मध्ये टर्नबेरीला 59 वर्षांचा टॉम वॉटसन सहाव्या ओपनपासून एका पारवर उभा होता. अठराव्या होलवर आठ नंबरचा त्याचा फटका उत्तम बसला, ग्रीनवर पडला आणि मागून खाली उतरला. तिथून त्याने पटर घेतला, चेंडू झेंड्याच्या पुढे गेला, परतीचा चुकला आणि प्लेऑफमध्ये स्टुअर्ट सिंक जिंकला. मी तो क्षण अनेकदा पाहिला आहे. पटर घेण्याचा निर्णय मला आजही बरोबर वाटतो. निकाल त्याआधी, हवेतून आलेला चेंडू थांबला नाही तेव्हाच फिरला होता.

होलची आखणी स्वतःच काही बोलते. ओल्ड कोर्सच्या पहिल्या होलवर ग्रीनच्या अगदी पुढ्यात स्विल्कन नावाचा ओढा वाहतो. तिथे धावत जायचं म्हणजे पाण्यात जायचं, चर्चा संपली. नॉर्थ बेरिकच्या तेराव्या होलवर ग्रीनसमोर दगडी गडगा आहे, चक्क आपल्या कोकणातल्या कुंपणासारखा. आयर्लंडमध्ये लाहिंचचं 'डेल' होल दोन टेकाडांच्या मधे लपलेलं, ग्रीन दिसतसुद्धा नाही. टेकडीवरचा पांढरा दगड दिशा दाखवतो आणि चेंडू वरूनच टाकावा लागतो. ट्रूनचं 'पोस्टेज स्टँप' तर जेमतेम 123 यार्ड लांब, चिमुकलं ग्रीन, भोवती बंकर. तिथेही हवेतून जाण्याच्या दोन तऱ्हा आहेत. 1973 च्या ओपनमध्ये 71 वर्षांच्या सॅराझेनने पाच नंबरचा क्लब घेऊन चेंडू वाऱ्याखालून दाबून मारला आणि तो थेट होलमध्ये गेला. ज्याने वाळूतून चेंडू उचलायचं हत्यार जगाला दिलं त्यानेच म्हातारपणी बुटका फटका निवडला, याचं मला फार कौतुक वाटतं.

दुसऱ्या टोकाला नॉर्थ बेरिकचंच पंधरावं होल, 'रेडान', क्रिमियन युद्धातल्या एका बुरुजाचं नाव घेतलेलं. ग्रीन आपल्यापासून दूर, उजवीकडून डावीकडे मागच्या कोपऱ्यात उतरत जातं, आणि समोर डावीकडे खोल बंकर. झेंड्यावर सरळ उंच मारलेला चेंडू मागे निघून जातो. उजव्या खांद्यावर पाडून उतारावर सोडला तर तो स्वतः वळत झेंड्याकडे येतो. चार्ल्स ब्लेअर मॅकडोनाल्डने अमेरिकेत लाँग आयलंडवर नॅशनल गोल्फ लिंक्स उभारताना या होलची नक्कल केली, आणि आज जगभर 'रेडान' आहेत. त्यांपैकी ज्यांच्या खांद्याची जमीन मऊ आहे ते नावापुरते.

पण सर्वांत मोठी होल्स ती, जी कोणत्याच बाजूने हुकूम देत नाहीत. स्कॉटलंडच्या उत्तरेला रॉयल डॉर्नॉकचं चौदावं, 'फॉक्सी'. एकही बंकर नाही. साडेचारशे यार्डांच्या आसपास लांबी, आणि शेवटी चौथऱ्यासारखं उंच, तिरकं बसवलेलं ग्रीन. चेंडू चौथऱ्याखाली राहिला की तीन वाटा उघडतात. पटरने चढावरून सरळ वर न्या. सात नंबरने चेंडू चढाच्या तोंडावर आपटून त्याचा वेग तिथेच मारा. किंवा वेजने उचलून वर ठेवा. तिन्ही वाटांना एकच शिक्षा आहे: जोर कमी पडला तर चेंडू आपल्या पायाशी परत, जास्त झाला तर पलीकडे खाली. याच गावात 1872 मध्ये जन्मलेल्या डोनाल्ड रॉसने अमेरिकेत जाऊन पाइनहर्स्टचा दुसऱ्या क्रमांकाचा कोर्स घडवला. 2014 च्या यूएस ओपनमध्ये जर्मनीच्या मार्टिन काइमरने तिथे ग्रीनबाहेरून पुन्हा पुन्हा पटर वापरला आणि आठ फटक्यांनी जिंकला. ती समुद्रकाठची लिंक्स नाही, तरी स्पर्धेआधी काही वर्षं तिथलं भरमसाट हिरवं गवत आणि पाण्याचे फवारे काढून टाकून वाळू पुन्हा उघडी केली होती. तसं झालं नसतं तर काइमरचा पटर बॅगेतच राहिला असता.

खेळाडू कसे निवडतात याची उदाहरणं शेकड्यांनी आहेत, मला दोन पुरेशी वाटतात. 1995 मध्ये सेंट अँड्रूजच्या अठराव्या होलवर इटलीचा कोस्तांतिनो रोका ग्रीनच्या तोंडाशी होता. वेजने उचलायला गेला, फटका फसला आणि चेंडू 'व्हॅली ऑफ सिन' नावाच्या खळग्यात घरंगळला. पुढचा फटका पटरने, साठ-पासष्ट फुटांवरून, खळग्यातून वर आणि थेट होलमध्ये. जॉन डॅलीशी बरोबरी झाली. प्लेऑफ डॅलीने जिंकला, तरी हवेने दगा दिलेल्या जागेवरून जमिनीने परत केलेला तो फटका लोकांच्या लक्षात राहिला. दुसरं उदाहरण 2004 चं, ट्रूनचं. टॉड हॅमिल्टन चेंडू ग्रीनबाहेर गेला की हायब्रिड घ्यायचा, म्हणजे लांब फटक्यांसाठी केलेला जाड डोक्याचा क्लब, आणि तो पटरसारखा वापरायचा. एर्नी एल्सविरुद्ध प्लेऑफच्या शेवटच्या होलवर त्याने तेच केलं आणि चेंडू झेंड्याच्या अगदी जवळ जाऊन थांबला. देखणा फटका नव्हता, ओपन मात्र त्याची झाली.

टी-वरूनही हीच निवड करावी लागते. 2006 च्या कडक उन्हाळ्यात हॉयलेकचं गवत करपून गव्हाळ झालं होतं. टायगर वुड्सने 72 होल्समध्ये ड्रायव्हर फक्त एकदा काढला. बाकी सगळा वेळ आयर्नने चेंडू बंकरांच्या अलीकडे पाडून धावू दिला.

आता गवताकडे आणि पाण्याकडे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमधल्या अनेक लिंक्सना टीव्हीवरच्या अमेरिकन हिरवाईची भूल पडली. पाणी वाढलं, खत वाढलं. फेस्क्यू मागे हटलं आणि पोआ अॅन्युआ नावाचं मऊ, पाणीपिसं गवत पसरलं. जिम आर्थर या गवतशास्त्रज्ञाने या हावरेपणाविरुद्ध आयुष्यभर लढा दिला. कमी पाणी, कमी खत, हाच त्याचा आग्रह. त्याला चिडखोर म्हणणारे होते, पण लिंक्सवर आज जी निवड शिल्लक आहे तिच्यात त्याच्या त्या चिवटपणाचा वाटा आहे. मऊ ग्रीनवर वेज कुठूनही, कसाही थांबतो. मग फेअरवेच्या कोणत्या बाजूने यायचं, उंचवटा कुठे आहे, वारा काय करतोय, या कशालाच अर्थ उरत नाही. गोल्फ कोर्स आखणाऱ्या ॲलिस्टर मॅकेन्झीने 1924 मध्ये ओल्ड कोर्सचा बारकाईने नकाशा काढला आणि चौदाव्या होलला जाण्याच्या वेगवेगळ्या वाटा रेखाटून दाखवल्या. त्या वाटा कागदावर आजही आहेत. जमिनीवर त्या राहतात की नाही हे पाण्याचा नळ कोणाच्या हातात आहे यावर ठरतं.

आपल्या बाजूने पाहिलं तर हा मुद्दा अधिकच स्पष्ट होतो. महाराष्ट्रात फेअरवेवर सहसा बर्म्युडा जातीचं गवत असतं. नाव परकं, पण वाण ओळखीचा: आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा, याच कुळातली. हरळी जमिनीवर आडव्या धावत्या फुटव्यांनी पसरते आणि ते फुटवे चेंडूला अडवतात. वीस यार्डांवरून सोडलेला सरपटी फटका ग्रीनच्या कडेलाच अडखळतो. त्यात पावसाळ्याचे चार महिने जमीन लोण्यासारखी. मुंबईच्या मैदानांवर वाढलेल्या फलंदाजाला चेंडू जमिनीलगत ठेवायची शिकवण बाळकडूसारखी मिळते, पण इथल्या गोल्फरला परिस्थिती नेमकं उलट शिकवते. म्हणून 2012 मध्ये जीव मिल्खा सिंगने स्कॉटिश ओपन कासल स्ट्युअर्टच्या समुद्रकाठच्या कोर्सवर जिंकली, आणि 2023 मध्ये शुभंकर शर्माने हॉयलेकच्या ओपनमध्ये संयुक्त आठवा क्रमांक मिळवला, या दोन गोष्टी मला नुसत्या निकालापेक्षा मोठ्या वाटतात. त्यांनी वेगळ्या मातीची भाषा मोठेपणी आत्मसात केली.

जमिनीची वाट राखून ठेवण्याचं आणखी एक कारण आहे, आणि मला ते मनापासून महत्त्वाचं वाटतं. वेजने चेंडू उंच उचलून थांबवायला मनगटात जोर आणि क्लबला वेग लागतो. सत्तरीच्या माणसाकडे, नवशिक्या मुलीकडे, खांदा दुखावलेल्या खेळाडूकडे तो नसतो. धावत्या चेंडूला मात्र वेगापेक्षा नजर लागते. 1867 मध्ये सेंट अँड्रूजला बायकांचा पटिंग क्लब स्थापन झाला. बाईने क्लब खांद्याच्या वर नेणं शोभत नाही, अशी तेव्हाची रीत. त्यांना फक्त घरंगळवण्याची मुभा होती आणि यंग टॉमच्या वडिलांनी, ओल्ड टॉम मॉरिसने, त्यांच्यासाठी लाटालाटांचं 'हिमालयाज' नावाचं पटिंग मैदान आखलं. ज्या बंधनातून ते जन्मलं ते गेलं, हे उत्तम झालं. मैदान अजून आहे, आणि तिथे आजी आणि नातू एकाच उतारावर बरोबरीने खेळू शकतात.

2010 च्या ओपनसाठी रोड होलची टी सुमारे 40 यार्ड मागे नेली आणि होल 495 यार्डांचं झालं. त्यावर टीका झाली. ऐतिहासिक होलला हात लावू नये, असं अनेकांना वाटलं. मला तो बदल योग्य वाटतो. चेंडू इतका लांब जाऊ लागला होता की खेळाडू दुसऱ्या फटक्याला छोटा क्लब घेऊन त्या तिरक्या, अरुंद ग्रीनवर वरूनच उतरत होते. टी मागे गेल्यावर हातात पुन्हा लांब आयर्न आला, आणि त्याबरोबर जुना प्रश्नही: उजव्या तोंडाशी पाडून चढावरून वर धावू द्यायचं, की थेट ग्रीनवर उतरून मागच्या डांबरी रस्त्याचा धोका पत्करायचा. 1984 मध्ये याच जागी वॉटसनचा दोन नंबरचा आयर्न उजवीकडे भरकटला, चेंडू रस्त्यापलीकडच्या भिंतीशी जाऊन बसला, आणि त्याच वेळी पुढच्या ग्रीनवर सेवे बायेस्तेरोस शेवटचा पट टाकून मुठी नाचवत होता.

रविवारी ओल्ड कोर्सवर एरवी खेळ बंद असतो आणि गावकरी त्यावर फिरायला येतात. त्या दिवशी रोड होलच्या ग्रीनच्या तोंडाशी कुणालाही उभं राहता येतं. चढ वाकून पाहावा, तळवा गवतावर टेकवावा. वर झेंडा कुठेही असो, हाताखालची जमीन टणक लागली तर दोन्ही वाटा अजून उघड्या आहेत.